पिल्लू खातंय पण अंगी लागत नाहीये? मग आधी हे बघा

कुत्र्याचं पिल्लू बारीक दिसलं की घरातला प्रत्येक जण एकच काम करतो, भांड्यात अजून थोडं वाढतो. त्याने फरक पडला नाही की अजून थोडं, मग वरून दूध, मग कुणीतरी सांगितलं म्हणून कॅल्शियमचं सिरप, आणि पंधरा दिवसांनी बघावं तर पिल्लू तेवढंच बारीक आणि आता जुलाबही सुरू. माझं स्पष्ट मत आहे की खाणं वाढवणं ही नंतरची गोष्ट, आधी हे शोधायचं की खाल्लेलं अंगी का लागत नाहीये. कारणं तशी मोजकीच आहेत. एक तर पोटात पुरेसं जातच नाही किंवा जे जातं ते चुकीचं असतं, नाहीतर जातं पण पचत नाही, नाहीतर त्यातला वाटा जंत खातायत, नाहीतर आत एखादा आजार आहे. आणि एक पाचवी शक्यता जी कुणी धरतच नाही, ती म्हणजे पिल्लू बारीक नाहीच, त्या वयात जसं असायला हवं तसंच आहे आणि गुबगुबीत पिल्लांचे फोटो बघून बघून आपल्यालाच ते हडकुळं वाटतंय.

म्हणून सुरुवात तिथूनच. व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, १ ते ९ असा एक स्कोअर वापरतात, त्याला बॉडी कंडिशन स्कोअर म्हणतात. १ म्हणजे निव्वळ हाडं, ९ म्हणजे लठ्ठ, आणि ४ किंवा ५ म्हणजे छान. हा स्कोअर हाताने काढायचा, नुसत्या डोळ्यांनी नाही, कारण केसाळ जातीचं पिल्लू आतून सापळा असलं तरी वरून कापसाचा गोळा दिसतं. पिल्लाच्या बरगड्यांवरून अजिबात न दाबता बोटं फिरवा. आता स्वतःची मूठ वळा आणि बोटांच्या वर आलेल्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा, बरगड्या अशा टोचत असतील तर पिल्लू खरंच बारीक आहे. हात सरळ करून पालथा धरल्यावर मागच्या बाजूला हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागत असतील तर अगदी बरोबर. आणि तळहाताच्या बाजूने दाबून शोधावं लागतं तसं असेल तर ते जास्तच खातंय. शिवाय कंबरेची हाडं आणि पाठीचा कणा लांबूनच दिसतोय का, मांड्यांवर मांस आहे की नाही, हेही बघायचं. मांस झडलेलं असणं हे चरबी कमी असण्यापेक्षा जास्त गंभीर आहे.

काही जाती मुळातच सडपातळ असतात, ग्रेहाउंड किंवा सलुकीच्या बरगड्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. तसंच पाचव्या सहाव्या महिन्यानंतर बरीच पिल्लं नुसती उंच होत जातात, पाय लांब, अंग बारीक, कान मोठे, असा एक बेढब काळ येतो आणि तो आपोआप जातो. अशा वेळी पिल्लू खेळकर असेल, शी नीट होत असेल, वजन आठवड्याला थोडं थोडं वर जात असेल तर त्याला त्याच्या चालीने वाढू द्या.

वजन मोजणं मात्र सोडायचं नाही. छोट्या पिल्लाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत ठेवून मोजता येतं, मोठ्याला उचलून आपण वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. आठवड्यातून एकदा, त्याच वेळेला, शक्यतो सकाळी खायच्या आधी, आणि आकडा लिहून ठेवायचा. वॉल्थम नावाची पाळीव प्राण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, तिने निरोगी कुत्र्यांच्या वजनांवरून ग्रोथ चार्ट बनवलेत, लहान बाळांचे असतात ना त्याच धर्तीवर, १२ आठवड्यांपासून २ वर्षांपर्यंतचे आणि मोठेपणी ४० किलोपर्यंत जाणाऱ्या कुत्र्यांसाठी. त्यात पिल्लू कुठल्या रेषेवर आहे याला फारसं महत्त्व नाही, ते आपल्या रेषेला धरून चाललंय का याला आहे. खालच्या रेषेवर असलेलं पण तिथेच टिकून वाढणारं पिल्लू ठीक असतं, आणि वरच्या रेषेवरून घसरत दोन रेषा खाली आलेलं पिल्लू दिसायला बरं असलं तरी व्हेटला दाखवायचं. चार्ट नसेल तर अंदाजासाठी एक ढोबळ हिशोब आहे, पिल्लू मोठेपणी जेवढ्या किलोचं होणार त्या प्रत्येक किलोमागे रोज २ ते ४ ग्रॅम. म्हणजे मोठेपणी १० किलोचं होणारं पिल्लू पहिले काही महिने आठवड्याला साधारण १४० ते २८० ग्रॅमने वाढायला हवं.

आता जंत. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बारीक पिल्लांच्या बाबतीत पहिला संशय इथेच घ्यायचा असतो आणि लोक "एकदा दिलं होतं जंताचं औषध" म्हणून तो विषय बंद करून टाकतात. बरगड्या दिसतायत, केस रूक्ष आहेत आणि पोट मात्र टम्म फुगलेलं, असं पिल्लू दिसलं की गोलकृमी डोक्यात यायलाच हवेत, त्यांचं नाव टॉक्सोकारा कॅनिस. हे पिल्लाला बाहेरून लागायची वाटही बघावी लागत नाही. आईच्या शरीरात या कृमींच्या अळ्या झोपलेल्या असतात, ती गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत त्या जाग्या होतात आणि गर्भातल्या पिल्लात शिरतात, उरलेल्या नंतर दुधातून जातात. म्हणून पिल्लू कितीही स्वच्छ घरात जन्मलेलं असलं, महागड्या जातीचं असलं, तरी त्याच्या पोटात जंत असू शकतात असंच धरून चालायचं.

औषध एकदा देऊन का भागत नाही त्यालाही कारण आहे. पायरँटेलसारखी औषधं आतड्यात असलेले जंत मारतात, पण काही अळ्या त्या वेळी यकृतातून फुप्फुसात, फुप्फुसातून घशात आणि तिथून गिळल्या जाऊन परत आतड्यात अशा प्रवासात असतात, त्यांना हे औषध गाठतच नाही. त्या दोन आठवड्यांनी आतड्यात येऊन मोठ्या होतात आणि आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही. म्हणून शिफारस अशी असते की पिल्लू २ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग दर दोन आठवड्यांनी ८ आठवड्यांपर्यंत, आणि त्यानंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा. डोस वजनावर ठरतो, अंदाजाने नाही, आणि बारीक पिल्लात अंदाज चुकायची शक्यता जास्तच, त्यामुळे त्याच दिवशीचं वजन घेऊन व्हेटला विचारून द्यायचं. घरात पडलेलं कुठलंही जंताचं औषध देऊ नका हे वेगळं सांगायला नको, पण सांगतोच, आयव्हरमेक्टिन चुकीच्या प्रमाणात गेलं तर कॉलीसारख्या जातींच्या जीवावर बेतू शकतं.

हुकवर्म हा याहून खतरनाक प्रकार. ते आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि छोट्या पिल्लात रक्त असतं तरी किती. पिल्लाचा ओठ वर करून हिरडी बघा, गुलाबी हवी. फिकट किंवा पांढरट दिसली, शी काळपट डांबरासारखी होत असेल, पिल्लू सतत झोपून असेल, तर उद्यावर टाकायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. रक्त कमी होण्याचं आणखी एक कारण अंगावर फिरत असतं, पिसवा आणि गोचिड. पिसवा जास्त झाल्या तर एवढुशा पिल्लाला त्यांच्यामुळेच ॲनिमिया होतो, आणि पिसू चाटताना गिळली गेली की त्यातून टेपवर्म, म्हणजे पट्टीसारखा चपटा जंत, पण मिळतो. शेपटीखाली किंवा अंथरुणावर पांढरे हलणारे छोटे तुकडे दिसले तर तो टेपवर्म. पिसवांचं औषधही पिल्लाच्या वयाला आणि वजनाला चालणारंच हवं, मोठ्या कुत्र्याचं अर्धं करून लावणं म्हणजे विषबाधेला आमंत्रण.

आणि हे सगळं करूनही शी पातळ, चिकट, घाण वासाची येत राहिली तर जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया असू शकतो. हे जंत नाहीत, सूक्ष्म एकपेशीय जीव आहेत आणि पायरँटेलचा त्यांच्यावर काही उपयोग नाही. त्यासाठी शीची तपासणी लागते. ताजा नमुना न्यायचा, आणि एकदा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून लगेच खूश व्हायचं नाही कारण हे जीव रोज शीमध्ये सापडतीलच असं नसतं, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे दोन तीन नमुने तपासायला सांगतात. एक गोष्ट घरात लहान मुलं असतील त्यांच्यासाठी. टॉक्सोकाराची अंडी मातीत जाऊन काही आठवड्यांनी संसर्गजन्य होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात, ती मुलांच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात भटकतात, कधी कधी डोळ्यातसुद्धा जातात. पिल्लाची शी रोजच्या रोज उचलली तर हा धोका बराच टळतो, कारण ताज्या शीमधली अंडी लगेच संसर्ग करत नाहीत. आणि मुलांना हात धुवायची सवय, ती तर हवीच.

बरं, जंतांचं झालं, आता भांड्यात काय पडतंय ते बघू. इथे थोडं गणित आहे पण अवघड नाही. पिल्लाचं वजन किलोमध्ये घ्या, त्याला त्यानेच तीनदा गुणा (म्हणजे ३ किलो असेल तर ३ गुणिले ३ गुणिले ३, झाले २७), मग कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, येतात साधारण २.२८, त्याला ७० ने गुणा, झाले १६०. ही झाली नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा, किलोकॅलरीत. चार महिन्यांखालच्या पिल्लाला याच्या तिप्पट लागते, म्हणजे ४८० च्या आसपास, आणि चार महिन्यांनंतर मोठं होईपर्यंत साधारण दुप्पट. गंमत बघा, तेच पिल्लू साडेचार महिन्यांचं आणि ५ किलोचं झालं तर हिशोब ४७० च्या आसपासच येतो, म्हणजे वजन वाढलं तरी खाणं जवळपास तेवढंच. हे माहीत नसलं की लोकांना वाटतं पिल्लाची भूक मेली. अर्थात हे सुरुवातीचे आकडे आहेत, कुठल्या पिल्लाला थोडं जास्त लागेल कुणाला कमी, खरं उत्तर आठवड्याच्या वजनातून मिळतं.

आता या कॅलरी कशातून जातात त्याने फार फरक पडतो. सुक्या फूडमध्ये १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, ओल्या डब्यातल्या फूडमध्ये १०० च्या आसपास कारण त्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे आपल्या ३ किलोच्या पिल्लाला सुकं फूड १२५ ग्रॅमच्या आसपास पुरेल, पण नुसतं ओलं द्यायचं तर जवळजवळ अर्धा किलो लागेल. घरचं पातळ सूप, पेज, भरपूर पाणी घातलेला भात, हे सगळं पोट भरतं, पिल्लू तुडुंब होऊन झोपतं, आपल्याला समाधान वाटतं, आणि अंगी काहीच लागत नाही कारण त्यात आहेच काय. बारीक पिल्लाला कमी आकारात जास्त दम असलेलं खाणं हवं. त्यासाठी पाकिटावर "ग्रोथ" किंवा "ऑल लाइफ स्टेजेस"साठी संपूर्ण आणि संतुलित असं लिहिलंय का ते वाचा, पुढे छापलेल्या गोंडस फोटोला काही अर्थ नाही. अमेरिकेतल्या आफको या संस्थेच्या मापदंडाप्रमाणे वाढीच्या फूडमध्ये पाणी वगळून किमान २२.५ टक्के प्रोटीन आणि ८.५ टक्के फॅट लागतं, मोठ्या कुत्र्याच्या फूडला १८ आणि ५.५ टक्के चालतं. घरातल्या मोठ्या कुत्र्याचंच पिल्लालाही घालतोय असं असेल तर बारीकपणाचं कारण कदाचित तिथेच सापडेल.

किती वेळा द्यायचं? पोट छोटं आहे, त्यात एका वेळी मावतंच किती, म्हणून तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोन वेळा. बारीक पिल्लाला झोपायच्या आधी आणखी एकदा थोडं दिलं तरी चालतं. सुकं फूड कोमट पाण्यात दहा पंधरा मिनिटं भिजवलं की मऊ होतं आणि वास सुटतो, आणि पिल्लांची भूक वासावर चालते, त्यामुळे नखरे करणारी पिल्लंही तोंड लावतात. दात बदलायच्या काळात, म्हणजे चार ते सहा महिन्यांत, हिरड्या दुखतात म्हणून खाणं कमी होतं, तेव्हाही भिजवलेलं बरं पडतं. पाणी भिजण्यापुरतंच. आणि घरात दुसरा कुत्रा किंवा भावंडं असतील तर एक दिवस शांत बसून बघा की भांडं नक्की कोण रिकामं करतंय. खूप घरांत भित्रं पिल्लू दोन घास खाऊन मागे सरकतं आणि दांडगं भावंड दोघांचं खातं. वेगळ्या खोलीत, दार लावून खायला द्यायचं, बस्स.

फूड बदलायचं असेल तर सात दिवसांत हळूहळू, आधी पाव भाग नवीन, मग निम्मं, मग पाऊण. प्रमाण वाढवायचं तेही एकदम नाही, १० टक्क्यांनी वाढवा, चार पाच दिवस शी बघा, नीट असेल तर पुढची पायरी. जुलाब झाले की खाल्लेलं सगळं वाहून जातं आणि आपण जिथे होतो त्याच्याही मागे जातो.

आता ज्या गोष्टी प्रेमाने दिल्या जातात त्यांच्याबद्दल. गाईचं दूध, आईचं दूध सुटल्यावर पिल्लांच्या आतड्यातलं लॅक्टेज नावाचं पाचक एन्झाइम कमी होत जातं, त्यामुळे दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब लागतात. थोडंसं सोसणारी पिल्लं असतात, पण वजन वाढवायचा मार्ग म्हणून दूध एकदम बाद. नुसतं चिकन, यात लोकांना काही वावगं वाटतच नाही, मांसाहारी प्राणी आहे मांसच देणार ना! पण हाड काढलेल्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. रक्तातलं कॅल्शियम कमी पडायला लागलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं आणि वाढत्या वयात हाडं ठिसूळ होतात, सोफ्यावरून उडी मारली आणि पाय मोडला अशी पिल्लं या आहारातून तयार होतात. चिकन भात पोट बिघडल्यावर दोन तीन दिवस ठीक, रोजचं जेवण म्हणून नाही. घरचंच द्यायचं असेल तर व्हेट न्यूट्रिशनिस्टकडून त्या पिल्लासाठी पाककृती लिहून घ्या, नेटवरच्या पाककृतींवर पिल्लाची हाडं पणाला लावू नका.

मग कॅल्शियमचं सिरप देऊया का? उलटा घोळ. संतुलित फूडमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, आणि लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम आत न घेण्याची सोय नीट जमत नाही, जेवढं द्याल त्यातलं बरंचसं शोषलं जातं. मोठ्या जातीच्या पिल्लांत याने सांधे आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. म्हणून चांगलं फूड चालू असेल तर वरून कॅल्शियम नको. तेल, तूप, लोणी यांचंही तसंच, एक चमचाभर तेलात ४० च्या आसपास किलोकॅलरी असतात हे खरं, पण त्या कॅलरीसोबत प्रोटीन नाही, खनिजं नाहीत, आणि अति झालं तर पोट बिघडतं, स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते. वरचं खाणं, मग ते उकडलेलं अंडं असो की ट्रीट, सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, झायलिटॉल (शुगर-फ्री पदार्थांत साखरेऐवजी घालतात ते) असलेलं काहीही आणि शिजवलेली हाडं, हे थोडंसुद्धा नाही.

मोठ्या जातींबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांच्या मालकांना पिल्लू लवकर मोठं दिसावं याची फार घाई असते, आणि बारीक म्हणून आलेल्या पिल्लाला दोन महिन्यांत ठोंब्या करून टाकतात. वेगाने वाढलेलं वजन अजून कच्च्या असलेल्या सांध्यांवर येतं आणि हिप डिस्प्लेशियाचा, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा, धोका वाढतो. ४८ लॅब्रेडॉरवर एक प्रसिद्ध अभ्यास झालाय, जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला, आयुष्यभर. कमी खाणारे सडपातळ कुत्रे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांच्या सांध्यांचे त्रासही उशिरा सुरू झाले. उपाशी ठेवा असा याचा अर्थ नाही, पण स्कोअर ४ वर आला की थांबायचं. मोठ्या जातीसाठी असलेल्या पपी फूडमध्ये कॅल्शियमची वरची मर्यादा कडक असते, तेच घ्या.

अगदी छोट्या जातींचं उलटं. चिवावा, यॉर्की, टॉय पूडल अशा पिल्लांच्या शरीरात साठा असा नसतोच, काही तास पोट रिकामं राहिलं, थंडी वाजली किंवा खेळून दमले की रक्तातली साखर धाडकन खाली येते. पिल्लू लडखडतं, थरथरतं, मऊ पडतं, कधी झटके येतात. अशा वेळी मध किंवा साखरेचा दाट पाक बोटाने हिरड्यांना चोळायचा, पिल्लाला ऊब द्यायची आणि दवाखान्यात पळायचं. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. अशा पिल्लांना तीन चार तासांनी थोडं थोडं द्या आणि रात्रीचं मोठं अंतर पडू देऊ नका.

रस्त्यावरून उचलून आणलेलं, अनेक दिवस उपाशी असलेलं, हाडांचा सांगाडा झालेलं पिल्लू असेल तर मात्र वरचं गणित बाजूला ठेवा. आपल्याला वाटतं बिचारं उपाशी आहे, पोटभर खाऊ दे. पण उपासमारीत शरीराची सगळी यंत्रणा बदललेली असते, एकदम भरपूर अन्न गेलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडेपर्यंत वेळ येऊ शकते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून व्हेट पहिल्या दिवशी पडून राहायला लागणाऱ्या ऊर्जेच्याही पाव ते निम्म्या भागापासून सुरू करतात आणि काही दिवसांत वर नेतात, मधून मधून रक्त तपासत. हे घरच्या घरी करायचं काम नाही.

तसंच अंग गार पडलेल्या तान्ह्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. थंड शरीरात आतडी चालतच नाहीत, दूध तसंच पडून राहतं. दूध म्हणजे पिल्लांसाठीचं मिल्क रिप्लेसर, आणि पाजताना पिल्लू पोटावर हवं, बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जातं. तान्ह्यांचं वजन मात्र रोज करायचं, जन्माच्या वेळचं वजन आठ दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवं, आणि एखाद्या दिवशी ते वाढण्याऐवजी उतरलं तर तेवढं कारण व्हेटला फोन करायला पुरेसं आहे.

जंत नाहीत, खाणं बरोबर आहे, तरी वजन हलत नाही, मग आजाराकडे बघायचं आणि इथे तुमचं निरीक्षण व्हेटला फार उपयोगी पडतं. खाल्ल्यावर लगेच, पोटाला काही जोर न लावता, न पचलेलं अन्न तसंच्या तसं बाहेर येतं का? ही उलटी नसते, अन्न जठरापर्यंत पोचलेलंच नसतं, अन्ननलिका सैल पडलेली असू शकते किंवा जन्मतःच एखाद्या रक्तवाहिनीने ती आवळलेली असू शकते, आणि हे दुसरं बहुतेक वेळा पिल्लू दूध सोडून घट्ट खायला लागलं की उघडकीला येतं. फोनवर व्हिडिओ काढून न्या. पिल्लू अधाशासारखं खातंय, अगदी स्वतःची शीसुद्धा, आणि शी ढीगभर, फिकट, तेलकट होतेय, तर स्वादुपिंड पाचकरस बनवत नसावं, जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त दिसतं आणि अन्नात एन्झाइमची पावडर मिसळून ते चांगलं आटोक्यात येतं. खाल्ल्यानंतर पिल्लू गुंगल्यासारखं होतं, भिंतीकडे बघत बसतं, वाढ खुंटलीये, तर यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी असू शकते, त्याला शंट म्हणतात. दूध पिताना नाकातून येत असेल तर टाळू फाटलेला आहे का बघतात. आणि लवकर धाप लागत असेल तर हृदय.

उलट्या, रक्ताचे जुलाब आणि खाणं बंद, हे तिन्ही एकत्र असेल तर पार्व्हो हा जीवघेणा विषाणूचा आजार धरूनच चालायचं आणि तास मोजायचे. लसीचं म्हणाल तर पहिली ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान, मग दर २ ते ४ आठवड्यांनी, आणि शेवटची १६ आठवड्यांच्या आधी नको, कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडी तोपर्यंत लस निकामी करू शकतात. बारीक आहे म्हणून लस पुढे ढकलायची की नाही हे व्हेटने ठरवायचं, आपण नाही. लसीकरण पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्री जिथे शी करतात अशा जागी पिल्लाला खाली सोडू नका.

व्यायामाचंही विचारतात लोक. वजन वाढायचंय म्हणून बांधून ठेवायची गरज नाही, खेळण्यानेच स्नायू बनतात आणि भूक लागते, पण लांबच लांब चालवणं, सायकलमागे पळवणं आत्ता नको. दमलं की झोपू द्या, पिल्लं दिवसाचा बराचसा वेळ झोपतात आणि मुलांनी त्यांना सारखं उठवलं तर ती चिडचिडी होतात, खाणंही बिघडतं.

सगळं मार्गी लागलं की दोन आठवड्यांत फरक बोटांना कळायला लागतो, आधी मांड्या भरतात, केस चमकायला लागतात, मग बरगड्यांवर हलकासा थर येतो. स्कोअर ४ ते ५ वर आला की जे जास्तीचं चालू केलं होतं, तो रात्रीचा घास, ते अंडं, ते बंद करायचं आणि नेहमीच्या हिशोबावर यायचं, यात बरेच जण ढिले पडतात कारण पिल्लाला मागायची सवय लागलेली असते आणि नाही म्हणवत नाही. मोठ्या कुत्र्याच्या फूडवर छोट्या जातीचं पिल्लू साधारण ८ ते १० महिन्यांचं झालं की जाता येतं, लॅब्रेडॉरसारखी मोठी जात वर्ष सव्वा वर्षाची झाल्यावर, आणि ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींची वाढ दीड दोन वर्षं चालते म्हणून त्यांचं फूड व्हेटला विचारून मगच बदला.